नळीतला राखणदार

कुठल्या तोंडानं सांगू? पण मीच सांगते. दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलीत तर ही फजिती तिखटमीठ लागून येईल.

गोवा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं, मराठी की कोकणी यावरून घराघरांत जुंपत होती. तेव्हा माझी भाची शैला डिचोलीला आमच्याकडे उतरली. डोंगर-मातीचं संशोधन करणाऱ्या मोठ्या संस्थेची नवी प्रमुख. आमच्या वाडीच्या डोक्यावर खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर. तो खाली येईल का, ते तिनं सांगायचं. तिनं त्यात एक बारीक नळी खोल पुरली. आतलं पाणी चढलं तर धोका, एवढं मला कळलं. बाकीचं काय विचारायचं? मी स्वतःच्या बळावर वाचायला शिकलेली बाई.

भर दुपारी सरपणाला गेले. पान हलत नव्हतं. आणि नळीतून आवाज, "हूंऽऽ".

"कोण रे?" म्हटलं. चार पावलं पुढे गेले, तर पाठीमागून पुन्हा "हूंऽऽ".

तुम्ही काय समजला असता? मी समजले, जागेचा राखणदार, देवचार. पोरीनं त्याच्या टाळूतच नळी खुपसलेली. त्याला जाड भाकरीचा रोट, विडी आणि सोरो, म्हणजे दारू, द्यावीच लागते. घरी जाऊन सगळं घेऊन आले. रोट-विडी बाजूला ठेवली, बाटलीचं टोपण काढून फेणी मात्र नळीत ओतली. हूं थांबलं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा हूं. पुन्हा फेणी.

इकडे शैलाचा चेहरा पांढरा पडत चाललेला. "मावशी, पाऊस नाही आणि पाणी चढतंय. असं मी कुठं पाहिलं नाही." तिनं वाडी रिकामी करून माणसं शाळेत नेली. पाणी असंच चढलं तर वाडी कायमची उठवा, असं ती पणजीला कळवणार होती.

माझं घर उठवणार? शाळेच्या पायरीवर उभी राहून मी सुनावलं, "कुणी कुठं जायचं नाय. राखणदार बसलाय." आणि रिकाम्या घरांच्या उघड्या दारांसमोरून, एकटीच, डोंगराकडे गेले. सगळ्या वाडीत फक्त ते हूं. अख्खी बाटली रिती केली.

सकाळी पाणी आणखी वर. शैलानं दोरीला नळीत मावेल एवढी डबी बांधून थोडं उपसलं, हुंगलं, आणि तशीच शाळेत आली.

"डोंगराला फेणीचा वास येतोय. कुणी ओतली?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी मान खाली घालून बसले.

शेजारची रुक्मिण माझ्याकडे बघत शैलाला म्हणाली, "बाये, कधी नाय ती ही गप्प बसली. आता आणखी कोणाक विचारतंस?"