फुलीपाशी केलेली सही

बँकेत मी जन्मभर लोकांवर एकाच गोष्टीवरून खेकसत आलो. वाचल्याशिवाय सही करू नका. समोरचा विचारायचा, "साहेब, कुठे करू?" मी म्हणायचो, "आधी वाचा." मग रांग वाढायची आणि मीच कंटाळून पेन्सिलीने फुल्या मारून द्यायचो. लोक फुलीपाशी सह्या करून मोकळे. म्हणजे वाईट सवय मीच लावत होतो, आणि वर खेकसतही होतो.

बदलीने कोलकात्याला आलो तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. नवव्या वर्षी तिला झटके यायला लागले. शाळेत, जेवताना, एकदा बालीगंज स्टेशनच्या पुलावर. दुर्मीळ आजार. औषधं बदलून बदलून आम्ही थकलो. तो आजार कळणाऱ्या डॉक्टरबाई इथेच भेटल्या, म्हणून पुढच्या बदल्या मी अर्ज करकरून टाळल्या. पुण्याचे लोक विचारतात, अजून तिथेच? हो, तिथेच.

ती चौदाची असताना बाईंनी सॉल्ट लेकमधल्या एका प्रयोगशाळेत बोलावलं. टॅक्सी बायपासवर पाऊण तास अडकली होती आणि माझं डोकं तापलं होतं. बाईंनी अकरा पानांचा फॉर्म समोर ठेवला. त्यावर पेन्सिलीच्या चार फुल्या. रक्तातल्या पेशींपासून मेंदूच्या पेशी तयार करायच्या, त्यांच्यावर औषधं तपासायची, असं त्या सांगत होत्या. उंदरांचंही म्हणाल्या असतील. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. तीन सह्या मी केल्या. चौथी मुलीची हवी होती. "तिला नीट वाचायला द्या," बाई म्हणाल्या. ती बाहेर बाकावर झालमुडी, म्हणजे इथली भेळ, खात बसली होती. मी म्हटलं, "रक्त तपासायचंय, इथे सही कर." तेलकट बोटं फ्रॉकला पुसून तिने केली.

दोन वर्षांनी नेहमीच्या तपासणीला गेलो, तर बाईंचा चेहरा फुललेला. "बहुत अच्छी खबर है," त्या म्हणाल्या. "चूहों को बिल्कुल इसके जैसे ही दौरे आ रहे हैं!"

मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूत तिच्या पेशी सोडल्या होत्या, त्या तिथे रुजल्या, वाढल्या. आता नवं औषध आधी त्यांच्यावर वापरून बघता येणार होतं. बाईंच्या जागी मीही खूश झालो असतो. मुलीने एवढंच विचारलं, "कितने हैं?"

"बारा."

परतीच्या टॅक्सीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. "बाबा, तू म्हणालास रक्त तपासणार."  

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून म्हटलं, आमचं नाव काढून टाका. त्यांनी न रागावता समजावलं. उरलेल्या पेशी नष्ट करता येतील, उंदरांच्या डोक्यात गेलेल्या परत काढता येणार नाहीत. शिवाय या आजारावर काम करणारे मोजकेच लोक आहेत. मी विचारलं, तो उंदीर थोडासा माणूस होतो का? नाही, त्या म्हणाल्या, उंदीर उंदीरच राहतो. मला त्याने बरं वाटायला हवं होतं. पण दुखायला माणूस असावं लागतं थोडंच? बायकोला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "माझी पोर बरी होणार असेल तर मला हजार उंदीर चालतील. कोण म्हणतंय नाव काढा?" तिचं काही चुकत नव्हतं. मुलीचंही चुकत नव्हतं. मी मात्र दोघींच्या मधे पुरता अडकलो. नाव काढलं नाही.

आमच्या घरी गणपतीच्या नैवेद्यात उंदरासाठी एक बारका मोदक वेगळा ठेवतात. ते काम लहानपणापासून मुलीचं. त्या वर्षी ताट मांडून झालं, आरती झाली, तरी मोदक आला नाही. हिने हाक मारली. मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, मी त्याला कुठल्या तोंडाने देऊ?" मोदक मीच ठेवला. माझी नजरही त्या मातीच्या उंदराकडे गेली नाही.

गेल्या महिन्यात ती अठराची झाली. आता संमती तिची, तिच्या नावाने, नव्याने. नवं औषध दिल्यावर उंदरांचे झटके कमी झालेत, असं बाई सांगतात. पुढे जायचं तर आणखी उंदीर लागतील. तिने नाही म्हटलं तर तिच्या पेशींचं काम तिथेच थांबेल. मी बाईंना विनंती केली, या वेळी फुल्या नकोत.

तीन आठवडे ती जेवणाच्या टेबलावर फॉर्म वाचतेय. मी एकदा चाचरत म्हटलं, "तेव्हाच विचारायला हवं होतं तुला."

"विचारलं असतंस तर मी लगेच हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "मला काय कळत होतं? आता मला माहितीय ना. त्या उंदरांना काय होतं, ते या घरात फक्त मला माहितीय."

काल सकाळी वाचता वाचताच तिला झटका आला. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिला कुशीवर वळवलं. ही झटका किती मिनिटं टिकतो ते घड्याळात बघत उभी राहिली. पानं फरशीभर पसरली होती. सही कर असं मला ओरडावंसं वाटत होतं, आणि करू नकोस असंही. दोन्हीतलं काही म्हणायचा हक्क मी चार वर्षांपूर्वी त्या बाकापाशी घालवला होता.

तिने डोळे उघडले. थोडं पाणी प्यायली. मग जमिनीवरची पानं चाचपत तिने विचारलं, "बाबा, मी कुठल्या पानावर होते?"

सातवं पान उंदरांचं आहे. मी ते शोधून तिच्या हातात दिलं.