तुराट्यांची सफाई आणि व्याह्यांचं फाटक

आमच्या पांढुर्ण्याच्या लोखंडी फाटकांच्या कारखान्यात सुधारणा मी केली, आणि एका सकाळीत केली.

नुकताच नागपूरला ‘लीन’ उत्पादनाचं तीन दिवसांचं शिबिर करून आलो होतो. (जेवण उत्तम होतं.) सार एवढंच, की कामाचं नाही ते काढून टाका. येत्या रविवारी सौंसरला, व्याह्यांच्या अंगणात, ताईचं साक्षगंध (साखरपुडा) होतं आणि बाबा गावोगाव आवतणं देत फिरत होते. मी संधी साधली. कोपऱ्यातला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा उचलून आईच्या चुलीपाशी टाकला.

“माय, घे! पाणी तापव!”

पाणी फार छान तापलं.

संध्याकाळी बाबांचा फोन. “इवायाच्या फाटकाच्या तुराटीला लाल धागा आहे. त्याच मापानं जोड. रविवारी लागलंच पाहिजे, नाही तं पोरीच्या सासरी माही काय इज्जत राहीन?”

आमच्याकडे दोन गिऱ्हाइकांचं दार कधी सारखं नसतं. म्हणून बाबा प्रत्येक दाराच्या रुंदीएवढी तुराटी तोडून आणतात. सगळी मापं मी चुलीत घातली होती!

व्याह्यांना फोन करून माप विचारता आलं असतं. पण ‘तुमचं माप जाळलं’ हे सांगणार कोण? शिबिरात ‘सगळ्यांना एकच माप’ असाही धडा होता. धरले पाच फूट!

रविवारी फाटक एका खांबाला झकास बसलं. दुसऱ्या खांबापर्यंत पोचलंच नाही. मध्ये माणूस मावेल एवढी फट!

“हे काय करून ठेवलं बे?” बाबांनी दातओठ खाल्ले.

“हवा खेळती राहते,” मी म्हणालो. (याची मला आजही लाज वाटते.)

“राहू द्या जी,” व्याही हसून म्हणाले, “खांब सरकवून घेऊ आपण.”

बाबांचा चेहरा उतरला. व्याही रागावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. तेवढ्यात शेजारच्या दोन बकऱ्या फटीतून शिरून थेट मांडवाच्या तोरणाकडे निघाल्या. त्यांना हाकलून बाबा माझ्यावर ओरडले, “तूच उभा राह्य तिथं! हलला तं पाह्यजो!”

तीन तास मी नव्या कोटात त्या फटीत उभा होतो. आत ताईला अंगठी घातली, टाळ्या वाजल्या, आणि मला मात्र बकऱ्यांवरून नजर हटवता येत नव्हती. वाईट वाटलं, खरंच. पण दोन्हीकडे बोटभरही जागा उरली नव्हती. त्या अख्ख्या ऑर्डरीत अगदी मापात बसलेला तेवढा मीच होतो!