लाल खुणेचा पेला

नातवाला कांजिण्या आल्या, म्हणून सुनेनं त्याचा पेला वेगळा काढला आणि ओळखू यावा म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तो ठिपका बघितला आणि मी परभणीच्या साथीच्या वॉर्डात जाऊन उभी राहिले.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटली होती, त्याच्या पुढचा उन्हाळा. गॅस्ट्रोची साथ होती. आम्ही दोनच नर्स, आणि खाटा भरून पेशंट जमिनीवर. फिनाइलच्या वासानं घास उतरत नव्हता. जिंतूरकडच्या खेड्यातून आलेल्या कडूबाईपुढं मी मीठ-साखरेचं पाणी धरलं. पेल्यावरचा लाल पट्टा बघून तिनं तोंड फिरवलं.

"गावच्या हाटेलात आमची कपबशी येगळी. हितं बी गिलास येगळाच व्हय, बाई?"

डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, तरी ती पाणी घेईना. माझी सलग दुसरी पाळी होती. "नियम आहे, मुकाट्यानं प्या," मी खेकसले. ती भिंतीकडं वळली. समजावून सांगायचं त्राणही माझ्यात नव्हतं. मी शेजारच्या खाटेवरच्या पाटलीणबाईंचा पेला उचलून तिच्यापुढं धरला. त्यावरही तोच लाल पट्टा.

कडूबाईनं दोन्ही पेले निरखले. मग आपला घटाघटा रिकामा केला.

"मंग हा रोग लय बरा म्हणायचा," ती म्हणाली.

मी हसले आणि पुढच्या खाटेकडं गेले. चार दिवसांनी ती बरी होऊन घरी गेली. एस.टी.तून ती त्याच हाटेलापुढं उतरली असेल, हे मला आज सुचतंय.