जगदेवाने सांगितलेला पहिला नंबर

कामरगावच्या जगदेवाला स्वतःच्या वावरात ज्वारी किती होईल, याचा अंदाज उभ्या जन्मात कधी बरोबर आला नव्हता. घरातलं मीठ संपलं, हेसुद्धा बायकोने, सोजरबाईने, दोनदा सांगितल्यावर त्याच्या ध्यानात येई. पण शंकरपटात कोणती बैलजोडी पहिली येणार, हे तो सकाळीच, बैल अजून रवंथ करत बसलेले असताना सांगून मोकळा होई आणि दिवस मावळायच्या आत ते खरं ठरे. देवाने इतर सगळ्या जागची अक्कल खरवडून काढून या माणसाच्या फक्त डोळ्यांत भरली होती.

धनजचा पट वसंतपंचमीला भरायचा. नांगरून, वखरून सपाट केलेली लांबलचक पट्टी, हलक्या छकड्या, छकडीवर हाकणारा एकेक धुरकरी आणि एका वेळी दोन जोड्या. जिंकेल ती पुढच्या फेरीला, हरेल ती घरी. चाळीसेक जोड्या यायच्या. जगदेव तांबडं फुटताच तोंडात कडुनिंबाची काडी घालून त्या सगळ्या जोड्यांमधून एक फेरी मारायचा. ही फेरी चालू असताना त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, रामराम घालायचा नाही, असा रिवाजच पडला होता. बैलांचे मालक तर नव्या नवरीसारखी मान फिरवून उभे राहत. जगदेव बैलाला हात लावत नसे. बैल उठून अंग कसं झाडतो, पाण्याकडे जाताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या किती पुढे टाकतो, एवढंच बघायचा. मग विहिरीवर चूळ भरायची, धोतराला तोंड पुसायचं आणि तीन जोड्यांची नावं घ्यायची. घटकाभरात ती नावं जत्राभर होत आणि नारळांच्या पैजा लागत.

ज्यांचं नाव येत नसे तेसुद्धा जोडी पळवायचेच. जगदेव काही ब्रह्मदेव नाही, असं पुटपुटत पळवायचे. गावाशेजारच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या सोमलाचं मात्र तसं नव्हतं. त्याचा जगदेवाच्या शब्दावर असा काही विश्वास होता की, पोरीसाठी मुलगा पाहायलाही तो जगदेवाला घेऊन गेला होता. जगदेवाने मुलाला अंगणात दोनदा चालवून पाहिलं आणि "चालते" म्हणाला. सोमलाने तिथेच सुपारी फोडली. पोर सुखात नांदत होती, त्यामुळे विश्वास आणखीच घट्ट झाला.

चार वर्षांमागे जगदेवाच्या गायीला एक गोऱ्हा झाला होता. काटकुळा, मागचे गुडघे एकमेकांवर आपटणारा. जगदेवाने पारावर सगळ्यांच्या देखत निकाल दिला होता, "याच्यापरिस माही खाट जोरानं पळते." सोजरबाईने त्याला हाताने कोंडा चारून जगवला होता. तरी जगदेवाने तो सोमलाला देऊन टाकला. त्या दिवशी सोजरबाई जेवली नाही आणि पुढे चार वर्षं तिने ते विसरूही दिलं नाही. कुठे गोऱ्हा दिसला की म्हणायची, "पाहा बाप्पा, याले खाट म्हनू का बैल म्हनू?"

सोमलाने त्याचं नाव पाखऱ्या ठेवलं. ज्वारीच्या पिठाचे गोळे चारले, नदीच्या वाळूत पळवला, जोडीला एक सरदार नावाचा बैल दिला आणि चौपन्न साली ही जोडी पहिल्यांदा धनजच्या पटात आणली.

जगदेव फेरीत तिथे पोचला तेव्हा सोमलाने रिवाजाप्रमाणे मान फिरवली होती. पण त्याचे कान मागे वळल्यासारखे दिसत होते. पाखऱ्या उठला. शेपटापासून वशिंडापर्यंत एकच शहारा गेला. तो पाण्याकडे निघाला आणि मागचा खूर पुढच्या ठशाच्या चांगला वीतभर पुढे पडला. जगदेवाच्या दातांतली काडी थांबली. दहा वर्षांत असं पाऊल त्याने पाहिलं नव्हतं. किन्हीराजाच्या मदनसिंगाची पांढरी जोडी लोक सगळ्यांत भारी मानत होते, ती याच्यापुढे म्हणजे कापसाची गाडी.

विहिरीवर चूळ भरायला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत होता. माणसं जमली होती. पलीकडे बायकांत भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन सोजरबाई बसली होती. नेमकी याच वर्षी तिला पट पाहायची हौस आली होती. पाखऱ्याचं नाव घेतलं की कोणीतरी विचारणार, हा गोऱ्हा कोणाकडचा? मग सगळी जत्रा हसणार, की जगाचे बैल ओळखणाऱ्याला घरचा ओळखता आला नाही. आणि सोजरबाईला चार वर्षांचा विषय चाळीस वर्षं पुरणार.

निदान दुसरा नंबर तरी सांगू, असं त्याने ठरवलं. तोंड उघडलं. सोजरबाई नेमकी त्याच्याकडेच बघत होती.

"पयली किन्हीराजाची मदनसिंगाची," तो म्हणाला आणि पुढे भलतीच दोन नावं घेतली.

पाखऱ्या पळाला की जिंकणारच, मग हसतीलच, हे त्याला कळत होतं. पण ते संध्याकाळी. आणि सकाळी सात वाजता कोणत्याही माणसाला संध्याकाळ फार लांब वाटते. शिवाय आपण नाव घेतलं नाही म्हणून बैल काही हळू पळत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. हे मात्र त्याने सोमलाला विसरून ठरवलं होतं.

दुपारी सोमलाच्या जोडीचा पुकारा झाला. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी येईना. जगदेव उठून बघायला गेला. खुंटा उपटलेला, खाली थोडा कडबा पडलेला.

शेजारचा गाडीवान म्हणाला, "थो तं कवाचाच तांड्यावर गेला. म्हने, जगदेवानं नाव नाई घेतलं, मंग मुक्या जनावराले कायले दमवू?"

मदनसिंगाची जोडी पहिली आली. सरळच होतं, तिला हरवणारी जोडी घरी निघून गेली होती. लोकांनी जगदेवाला गुलालाने माखलं. मदनसिंगाने स्वतःचा फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. साऱ्या आयुष्यात जगदेव एकदाच खोटं बोलला आणि त्याचं तेच भाकीत सगळ्यांत वाजतगाजत खरं ठरलं.

परतताना बैलगाडीत सोजरबाईने विचारलं, "आपला गोऱ्हा पाह्यला का तुमी? सोमलाभाऊनं आनला होता म्हनतेत."

"पाह्यला."

"कसा होता?"

"बरा होता," जगदेव म्हणाला. सोजरबाईने खाटेचं काही काढलं नाही. त्या दिवशी तिने काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

उद्या तांड्यावर जाऊन सांगू, असं त्याने रोज ठरवलं. तुरीचं खळं आलं. मग हरभरा आला. मग होळी. तोंड लपवणाऱ्याला कामं आपोआप सापडतात. शेवटी चैत्रात एका सकाळी तो निघालाच.

तांड्याच्या तोंडाशीच त्याला पाखऱ्या भेटला. कापसाने शिगोशीग भरलेल्या गाडीला जुंपलेला होता, कारंज्याच्या सरकी काढायच्या जिनात निघाला होता. पटानंतरच्या दोन महिन्यांच्या ओझ्याने खांद्यावर जू घासून जाड घट्टा आला होता. मान खाली घालून तो एकेक पाऊल तोलून टाकत होता, घरादाराच्या काळजीत असलेल्या माणसासारखा.

"आरे ये, ये जगदेवा!" सोमलाने गाडी थांबवली. "रूपा, ताक आन वो, जगदेवा आला."

जगदेव बसला नाही. "सोमला, मी खोटं बोललो. धनजच्या पटात पयला नंबर तुह्या पाखऱ्याचा होता."

सोमला खो खो हसला. "आयकलं का रूपा? माह्यं मन राखून राह्यला बापा हा!"

"मन नाई राखून राह्यलो. खरं सांगून राह्यलो."

"दहा साल झाले, तुह्या तोंडून एक गोठ खोटी निंघाली नाई. अन आताच काहून निंघन? ऊन लागलं तुले."

"माह्या घरचा गोऱ्हा होता, मलेच ओळखू नाई आला. लोकं हासतीन म्हनून नाव गिळलं."

सोमलाची बायको रूपाबाई ताकाचा गडवा घेऊन दारातच थांबली. दोन वर्षं घरातलं दूध नातवाला निम्मं आणि पाखऱ्याला निम्मं तिनेच वाटलं होतं.

"म्हंजे बैल पळत होता?" तिने हळूच विचारलं.

"पळत होता, बाई."

"तू चूप राय वो," सोमला म्हणाला. "याचं काळीज लोन्याचं हाये, म्हनून बोलून राह्यला. बरं, असं कर जगदेवा. बैल हा उभा हाये. पाह्य अन सांग, येत्या सालच्या पटात पळन का?"

त्याने पाखऱ्याला जुवाखालून काढलं आणि रस्त्यावर चालवत नेलं, परत आणलं. मग रिवाजाप्रमाणे मान फिरवून उभा राहिला.

जगदेवाने पाहिलं. पाहायला नको होतं, पण डोळ्यांना दुसरं काही येतच नव्हतं. पळणारा बैल हलकाच ठेवावा लागतो. एकदा ओझ्याची चाल अंगात मुरली की ती जात नाही. हो म्हणावं तर दुसऱ्यांदा खोटं. नाही म्हणावं तर पहिलं खोटं कायमचं खरं.

"नाई," शेवटी तो म्हणाला. "आता नाई पळत."

"पाह्यलं?" सोमलाचा चेहरा उजळला. इतके दिवस त्यालाही आत कुठेतरी टोचत असावं. "मी तं हेच म्हनून राह्यलो होतो! जनावराले फुकट पळवलं असतं मी. पे ताक."

रूपाबाईने गडवा जगदेवाच्या पायाशी ठेवला आणि त्याच्याकडे न पाहता ती आत गेली.

पुढच्या वर्षी धनजच्या पटात जगदेव आला, पण फेरी मारली नाही. लांब एका बांधावर जाऊन बसला. सोमला नुसता पट पाहायला आला होता. तो शेजारी येऊन टेकला. माणसं येऊन विचारू लागली, "जगदेवभाऊ, यंदा नावं काहून नाई सांगून राह्यले?"

जगदेव काही बोलायच्या आत सोमलाच बोलायचा, "आरे, याची नजर तुमाले काय मालूम? माह्याच बैलाचं सांगतो. मी गेल्या साली पटात आनला. साऱ्याईले वाटे, हा पळते. यानं नाव नाई घेतलं. अन आज पाहा, थो गाडीलेच हाये!"

ही हकिकत सोमलाने त्या दिवशी सात जणांना सांगितली, आणि सातही वेळा जगदेवाच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली.