सातची रिंग

आमच्या घरात फोन उचलायला बंदी होती. म्हणजे दिवसभर खुशाल उचला, पण रविवार सोडून संध्याकाळी सातला वाजला तर हात लावायचा नाही. धाकटा भाऊ फौजेत, तेव्हा बर्फातल्या एका चौकीवर होता. तिथं सगळ्यांना मिळून एकच फोन. रोज प्रत्येकाच्या पाळीला एक रिंग, आणि रविवारी दोन मिनिटं बोलणं. रिंग वाजून कट झाली की समजायचं, गडी ठीक आहे. मग आई वंदना करायची आणि ताटं घ्यायची.

नळदुर्गच्या आमच्या घरात रेंज फक्त खिडकीत येते. त्यामुळं साडेसहापासून फोन खिडकीतल्या डाळीच्या डब्यावर, आणि मी डब्यासमोर येरझाऱ्या घालतोय. मी शाळेतला कारकून. लढाईशी माझा संबंध टीव्हीपुरता. पण भाऊ तिकडं उभा राहतो म्हणून मी इकडं बसत नसे. बायको म्हणायची, "पहारा तुमीच देताव जणू."

एका रविवारी बोलणं झालंच नाही. नुसती रिंग आली आणि कट झाली. "बर्फात लाइन बिघडली आसंल," असं मी आईला छातीठोकपणे सांगितलं, जणू तिथले खांब मीच रोवले होते. पण दुसऱ्या दिवशी शाळेत दाखल्यावर मुलाच्या जागी बापाचं नाव घातलं. हायवेवर ट्रकचा टायर फुटला तर मी दचकून उठलो.

सोमवारी सातला फोन वाजला. आई मागं भांडी घासत होती. मी उचलला.

पलीकडं परका, दबका आवाज. "दादा, उचलू नका म्हणून सांगितलं होतं ना त्यानं?"

तो भावाचा सोबती होता, साताऱ्याकडचा. चौकीवर बर्फाचा कडा कोसळला होता. भावानं हातांनी उकरून दोघांना बाहेर काढलं. त्यात त्याचा हातमोजा गेला, बोटं काळी पडली. त्याला खाली इस्पितळात नेलं होतं. "दोघांतला एक मी," तो म्हणाला. "जाताना एवढंच बोलला, सातची रिंग चुकू देऊ नको, आई जेवत नाही." आणि लाइन कट झाली.

आता माझं सांगतो. मी आमच्या घराण्यातला बडबड्या. कुणाचं लग्न मोडलं तर ते मोडायच्या आधी माझ्याकडून गावाला कळतं. जेवताना माझ्या तोंडी गोष्ट नसली तर भाकरी उतरत नाही म्हणतात. ते तोंड मी तीन दिवस शिवून ठेवलं. माझ्या हिशेबी तेवढंच माझं शौर्य. रोज सातला रिंग यायची, आई जेवायची, आणि मी घास नुसता घोळवत बसायचो.

गुरुवारी दुपारी तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "काय झालंय त्येला?"

"कुणाला?"

"तीन दिस झालं तू गप हाईस. तुझ्या बापाच्या मातीलाबी तू येवढा गप नव्हतास."

मी सगळं सांगितलं. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"जित्ता हाय नव्हं?"

"व्हय. बोटांचं कळंना आजून."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती करपली तरी उलटली नाही. मग एकदम म्हणाली, "त्येला खाली नेलंय, तर रिंग कुणाच्या पाळीची येती?"

हा प्रश्न तीन दिवसांत माझ्या डोक्यात आला नव्हता.

त्या संध्याकाळी सातला फोन वाजला आणि आईनं उचलला. मी कान लावून उभा.

"लेकरा, म्या त्येची आई. तुझ्या आईला कोण रिंग देतंय?"

 तो म्हणाला, "तिला कळवलंय आई, लाइन बिघडलीय म्हणून."

मी जमिनीकडं बघायला लागलो.

"तिनं जेवायचं कवा मग? त्यानं तुला उकरून काढलं ते तुझ्या आईला रिंग जावी म्हणूनच की. उद्यापास्नं तुझ्या घरी लाव. इथं लावलीस तर म्या उचलून रागं भरंन, सांगून ठिवते."

भाऊ पुढं दीड महिन्यानं स्वतःच्या आवाजात बोलला आणि उजव्या हाताची दोन बोटं तिकडंच ठेवून घरी आला. पण ते पुढं. मला आठवतो तो शुक्रवार. सवयीनं फोन डब्यावर ठेवलेला. सात वाजले. सव्वासात झाले. मी खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. फोन वाजला नाही.

"साताऱ्याला वाजला आसंल," आई म्हणाली. तिनं वंदना केली, ताटं घेतली आणि माझ्या आधी पहिला घास तिनं तोडला.

"बस आता," म्हणाली, "आन् काय तरी बोल."

मला एकही गोष्ट आठवेना.