बोटभर बर्फ

सकाळी मी वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळत होते. नवरा, वेन, कॉफीचा दुसरा कप पुढ्यात घेऊन आज गाडी सुरू होईल की नाही याचा अंदाज बांधत बसला होता. तेवढ्यात दार वाजलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्याकडे दार कोणी वाजवत नाही. पायरीवर बूट आपटायचे, बर्फ झाडायचा आणि सरळ आत यायचं. दार वाजवतात ते एक तर धर्मप्रचारक, नाही तर पोलीस.

दारात रेनो कांगास उभा होता. टोपी हातात.

"आत ये की," वेन म्हणाला. "मुलगी मागायला आल्यासारखा काय उभा राहिलास?"

रेनो हसला नाही. दाराजवळच्या स्टुलावर टेकला, तोही बूट न काढता.

रेनो शाळेत आमच्या बराच पुढे होता. उभा जन्म त्याने सरकारी यंत्रावर बसून खडीचे रस्ते सपाट केले, आणि निवृत्त झाल्यावर ट्रकच्या पुढे लोखंडी पातं लावून घेतलं. तेव्हापासून आमच्या रस्त्यावरच्या घरांचा बर्फ तोच सारतो. खडीच्या वाटेवरचा बर्फ काढणं म्हणजे दूध न हलवता साय काढण्यासारखं. उतावळा माणूस पातं जमिनीला टेकवतो आणि बर्फाबरोबर खडीही गवतात भिरकावतो. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी घरची बाई गुडघ्यांवर बसून खडे वेचते. रेनो सुरुवातीचा बर्फ काढतच नाही, ट्रकने दाबून बसवतो. तो गोठला की बोटभर थर राखून वरचा तेवढाच उचलतो, आणि गवत जवळ आलं की पातं अलगद वर घेतो.

आमची शेजारीण एल्मा हाउताला त्याच्यावर याच कारणासाठी खूश. एल्मा ऐंशीला टेकलेली, एकटी, आणि जिभेला धार. "गवतात एक जरी खडा सापडला, तर तुझी कॉफी बंद," असं ती त्याला दर हिवाळ्यात बजावायची. "भिंग घेऊन शोध मग," असं तो म्हणायचा. काम झालं की तासभर तिच्या स्वयंपाकघरात बसायचा. त्याच्या स्वतःच्या घरी बोलायला होतं कोण? लग्न केलंच नाही.

या जानेवारीत मध्येच पाऊस झाला आणि रातोरात गोठला. सकाळी एल्मा आपल्याच वाटेवर पडली, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात मला म्हणाली, "बूट चुकीचे घातले. माझीच अक्कल." गावानेही तेच धरलं.

त्यानंतर रेनो कोणाच्या स्वयंपाकघरात दिसला नाही. मागच्या आठवड्यात मात्र एल्माच्या बंद घरापुढे ट्रकचा आवाज आला, म्हणून मी खिडकीशी गेले. त्याने पातं जमिनीला टेकवून अख्खी वाट खरवडून काढली. खडे गवतावर, पायऱ्यांवर, टपालपेटीवर ताडताड आपटत होते. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं," वेन म्हणाला. मला बघवेना, मी पडदा ओढून घेतला.

"कॉफी देऊ?" मी आता विचारलं.

"नको." रेनोने कॉफीला नको म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तिच्या बुटांना खिळे होते," तो म्हणाला.

"एल्माच्या?"

"हं. बुटांवर खापर फोडत सुटलीय सगळ्यांपुढे. त्या बुटांवर बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे पट्टे मीच आणून चढवलेत. बूट चांगले होते."

मी पिठावर फडकं टाकलं आणि समोर बसले.

"पाऊस पडला ना, त्या दिवशी तिने दारातनं हाक मारली. म्हणाली, रेनो, आज खालपर्यंत खरवड, मला काही हे ठीक दिसत नाही. मी काय म्हणालो माहितेय? म्हटलं, तू पाव भाज, बर्फाचं मला शिकवू नकोस. जमीन वरून मऊ झालीय, निम्मी खडी गवतात जाईल."

"गेलीच असती की," वेन म्हणाला.

"गेलीच असती. जाऊ द्यायला हवी होती." रेनो टोपी फिरवत राहिला. "याच्या पात्याने खडा उडत नाही, असं लोक म्हणतात ना. ते नाव सांभाळलं मी. बोटभर थर ठेवला, त्याची सकाळी काच झाली. पाय घसरू नये म्हणून ती वाटेवर चुलीतली राख टाकायला बाहेर आली. ती राख मी टाकायची होती."

"अरे, जानेवारी आहे. कोण पडत नाही? मी स्वतः परवा..."

"तू गप्प बस," मी वेनला म्हणाले. तुझी चूक नाही, तुझी चूक नाही, असं जो तो रेनोला सांगत आला होता. बिचाऱ्याला चूक कबूल करायलाही कोणी जागा ठेवली नव्हती. मीही नाही. दुकानात भेटला तेव्हा मीसुद्धा तेच म्हणाले होते.

"तिला भेटलास?"

"गेलो होतो. दोनदा. हॉस्पिटलच्या आवारात ट्रक लावला, तिची खिडकी कुठली असेल ते बघत बसलो, आणि आलो परत."

"ती विचारते तुझं. म्हणते, तो रेनो मेला का कुठे?"

"असं म्हणाली?"

"अस्संच."

त्याचा चेहरा जरा हलला, पुन्हा होता तसा झाला. "तिची मुलगी तिला घेऊन चाललीय म्हणे. डेट्रॉइटला."

"सोमवारी. बरी झाली की परत येईन म्हणते." त्या वयात तिकडे गेलेलं माणूस सहसा परत येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

रेनो उठला. बुटांखाली साचलेल्या पाण्याकडे त्याचं आता लक्ष गेलं, ते पुसायला तो फडकं शोधू लागला. मी राहू दे म्हटलं. त्याने टोपी घातली, पुन्हा काढली.

"तू आज जाणार आहेस ना तिच्याकडे?"

"जेवण झालं की."

"मला तुझ्या गाडीतून ने," तो म्हणाला. "माझा ट्रक हाताशी असला की मी परत फिरतो."