सरका मास्तरांची भिंत

मास्तरांशी बोलायला उभं राहिलं की ते आपल्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, आपल्या मागे बघायचे. मागे निळा दरवाजा असला तर कपाळाला एक आठी, पिवळी भिंत असली तर दोन. मग हात हलवत म्हणायचे, "सरका की जरा." आपण सरकायचं, ते पुन्हा बघायचे, पुन्हा "सरका." बोलणं राहायचं बाजूला. गुलमंडीच्या बाजारात एका भाजीवालीलाही त्यांनी असंच सरकवलं होतं. तिच्या शिव्या त्यांच्या कानात शिरल्याच नाहीत, कारण तेव्हा ते तिच्या मागची ताडपत्री न्याहाळत होते. सगळी गल्ली त्यांना सरका मास्तर म्हणायची.

मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा संस्थान गेलं त्या पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं झाली असतील. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि घरी माणसांची तैलचित्रं काढत. पूर्वी जहागीरदार यायचे, त्यांना मागे लाल मखमल हवी असायची. आता पांढऱ्या टोपीवाले पुढारी येत, त्यांना मागे निळं आभाळ हवं. मास्तर दोघांवरही सारखेच वैतागत. "लाल रंगापुढं धडधाकट माणूस आजारी दिसतो वो," ते मला सांगत. "कातडीला सोताचा रंगच नसतो, सूनबाई. मागचा रंग देईल तो ती घेती." कोटाच्या खिशात हिमरू कापडाच्या रंगीत चिंध्या असत; बोलता बोलता त्यातली एखादी ते समोरच्याच्या कानामागे धरत. गिऱ्हाईक कंटाळायचं, चित्र रखडायचं. एका जागी निवांत बसलेले मास्तर मी कधी पाहिले नाहीत. जेवतानासुद्धा पाट सरकवायचे.

त्यांची बायको, आमची माई, अगदी उलट. बसली की बसली. "माझं चित्र तेवढं काढू नका, सरकण्यातच जन्म जाईल माझा," असं हसून म्हणायची.

मी आले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माईची तब्येत उतरली. चार पायऱ्या चढली तरी धाप लागायची, ओठ पांढरे पडलेले. हळदीकुंकवाला जाणं तिने बंद केलं, कारण भेटेल ती बाई विचारायची, काय हे माई, काय ही दशा. घरातला आरसाही तिने भिंतीकडे फिरवून ठेवला. वैद्याच्या पुड्या चालू होत्या. मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं माझे यजमान मास्तरांना सांगून आले.

मास्तरांनी काय करावं? चुन्यात हिरवा रंग कालवला आणि तिच्या खाटेमागची भिंत एका दुपारी रंगवून काढली. मला रागच आला. बाई आजारी आणि या माणसाला रंग सुचतोय. पण संध्याकाळी मी गेले तर माईच्या गालांवर गुलाबी छटा. "हिरव्यापुढं पांढरी कातडी गुलाबी दिसती," मास्तर हळूच म्हणाले. "तेवढंच तिला बरं वाटंल."

वाटलंही. आरसा सुलटा झाला. बायका येऊन म्हणू लागल्या, माई, तब्येत सुधारली की. माई नवऱ्याला म्हणाली, "आता मला सरकवायचं नाय बरं का." मास्तर रोज सकाळी तिच्यासमोर उभे राहून मान डोलवायचे, "कालच्यापेक्षा लई बरंय." मग दवाखान्याचं कुणी काढेना. स्वतःच्या हाताने कालवलेल्या रंगावर हा माणूस स्वतःच विश्वासून बसला.

दिवाळीनंतर माईला वेरूळला जायची इच्छा झाली. ती दोघं आणि मी बसने गेलो. घृष्णेश्वराचं देऊळ लाल दगडाचं. दम खायला माई त्या दगडाला टेकून बसली आणि चपला काढता काढता मास्तर थांबले. तिचा चेहरा हिरवट करडा दिसत होता, चुलीतल्या राखेसारखा.

"सरक की जरा," ते म्हणाले. ती सरकली. "अजून." ती झाडाखाली आली, उन्हात आली. त्यांनी तिच्या मागे आपलं उपरणं धरलं, मग खिशातल्या चिंध्या एकेक करून धरल्या. चेहरा तसाच.

"अवो, किती सरकू? दमले मी," माई म्हणाली.

दर्शन न घेताच आम्ही परतलो. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि एवढंच विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?" माईने संक्रांत पाहिली नाही.

त्यानंतर त्यांनी तिचं चित्र काढलं. मागे लाल दगड आणि त्याच्यापुढे तो राखेसारखा चेहरा, दमलेले डोळे. हिरवी भिंत पांढरी करून त्यांनी ते तिथे टांगलं. शाळेतून आले की त्याच्यासमोर बसून राहत, जागचे हलत नसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चित्र बघवत नसे. मलाही बघवेना. एकदा न राहवून मी म्हणाले, "मास्तर, मागं हिरवा द्या की. माई बरी दिसेल."

"दिसंल," मास्तर म्हणाले. "म्हणूनच नाय."